टप, पत्रा आणि पाऊस

रायगड जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. जूनमध्ये एकदा लागला की दसऱ्यापर्यंत त्याचा भरवसा नसतो. अशा मुलखात बिनटपाची मोटार बनवायचा कारखाना काढतो असं कुणी म्हणालं असतं, तर पेणच्या बाजारातल्या माणसाने आधी त्याला चहा पाजला असता आणि मग घरी कोण कोण असतं याची चौकशी केली असती. पण असा कारखाना निघाला. पेणहून अलिबागला जाताना वडखळ आणि पोयनाड मागे पडलं की रस्ता कार्लेखिंडीकडे लागतो. या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत त्याच कार्लेखिंडीत चिंकारा मोटर्स ही छोटी कंपनी ‘रोडस्टर’ नावाची गाडी बांधत होती. दोन माणसांची, लांब नाकाची, उघडी.

रोडस्टरचा मूळ नमुना इंग्लंडचा. कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीने १९५७ साली ‘सेव्हन’ बाजारात आणली. तिचं वजन जेमतेम पाचशे किलो आणि तिच्यात नको असलेली एकही वस्तू नव्हती. हव्या असलेल्याही बऱ्याच नव्हत्या. इंग्लंडात तेव्हा तयार गाडीवर खरेदी-कर लागायचा, सुट्या भागांवर नाही. म्हणून पुष्कळ लोक ही गाडी खोक्यांतून घरी आणायचे आणि शनिवार-रविवारी स्वतःच जोडायचे. १९७३ साली तिचे हक्क कॅटरहॅमकडे गेले आणि त्या नावाने ती आजही बनते. जगभर तिच्या नकला झाल्या, कारण गाडीच नक्कल करण्याजोगी आहे. नळ्यांचा सांगाडा, त्यावर पातळ कवच, आणि बाकी सगळं दुसऱ्या कुठल्या तरी गाडीचं उचललेलं. चिंकाराने उचललं ते १.८ लिटरचं इसुझूचं इंजिन. हिंदुस्तान मोटर्सची कॉन्टेसा आणि पुढे अँबॅसडरही ज्या इंजिनावर धावली, ते हे. जे इंजिन जिल्हाधिकाऱ्यांची पांढरी गाडी पोलादपूरच्या घाटात ओढायचं, तेच इथे एका फुलपाखरात बसवलेलं. बिघडलं तर पार्टसाठी लंडनला तार करायची गरज नाही. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर एक चक्कर मारली की काम भागलं.

त्या गाडीचं कवच फायबरग्लासचं होतं, आणि हा विषय पेणच्या किती जवळचा आहे हे तिथे कळतं. पेणचा गणपती साच्यातून निघतो. हमरापूर-जोह्याकडच्या कारखान्यांत आधी एक मूळ मूर्ती घडते, तिच्यावरून साचा काढतात, साच्याला आतून हात देतात, मग प्लॅस्टर ओततात आणि ते ठिसूळ राहू नये म्हणून त्यात काथ्या दाबतात. मोटारीची फायबरची बॉडी याच क्रमाने होते. आधी लाकूड, प्लॅस्टर नि लांबी वापरून खऱ्या मापाचं मॉडेल करायचं. ते कागदाने इतकं घासायचं की त्यावर ट्यूबलाइटची रेघ सरळ दिसली पाहिजे. त्यावरून साचा काढायचा. साच्याला आतून मेण लावून पॉलिश करायचं, वर जेलकोटचा थर द्यायचा, तो बोटाला चिकटेनासा झाला की काचेच्या धाग्याची मॅट अंथरायची, रेझिनमध्ये हार्डनर मिसळून ब्रशने भरायचं आणि लोखंडी रोलर फिरवून आतली हवा काढायची. काथ्याच्या जागी काच आणि प्लॅस्टरच्या जागी रेझिन, एवढाच फरक. खोडीही तशाच. हार्डनर जास्त पडला तर माल तापून तडकतो, कमी पडला तर दुसऱ्या दिवशीही ओलाच असतो. आणि पावसाळ्याच्या दमट हवेत रेझिनचा वरचा थर चिकट राहतो, कितीही वाट पाहिली तरी. साच्यात एक फुगा राहून गेला तर तो दोन वर्षांनी रंगावर उमटतो आणि गिऱ्हाईक रंगाऱ्याला शिव्या देतं.

हे एवढं विस्ताराने सांगायचं कारण असं की बांधून घेतलेल्या गाड्यांवर लिहिणारे बहुतेक लोक इंजिनावर लिहितात किंवा मालकावर. मधला माणूस सुटतो. मधला म्हणजे ज्याने पत्रा ठोकला, साचा काढला, टपाच्या कमानी वाकवल्या, कॅनव्हास शिवलं. हातातलं पुस्तक त्या माणसाच्या बाजूने लिहिलेलं आहे, म्हणून मी ही प्रस्तावना आनंदाने लिहितो आहे. मोटारींचे दर्दी वाचक मूळ रूपात जपलेल्या गाडीला मान देतात आणि बदललेल्या गाडीकडे नाक मुरडून बघतात. मला ते पटत नाही. जी गाडी पन्नास-साठ वर्षं आपल्याकडे चालली, तिच्यात बदल झालेच. कुणी टप काढला, कुणी बसवला, कुणी पेट्रोलचं इंजिन काढून डिझेलचं घातलं. हा तिचा बिघाड नव्हे, तिचा इतिहास आहे, आणि तो वाचता आला पाहिजे.

तो वाचायचा तर थोडं मागे जावं लागतं. मोटारीच्या पहिल्या पंचवीस-तीस वर्षांत उघडी गाडी ही चैन नव्हती. छप्पर ही चैन होती. कंपनी चासी, इंजिन आणि चाकं द्यायची. वरची बॉडी गिऱ्हाइकाने आपल्या पसंतीच्या बॉडीवाल्याकडून बांधून घ्यायची. हे बॉडीवाले बहुतेक घोडागाड्यांच्या धंद्यातून आलेले. त्यांनी बग्गीचं सगळं ज्ञान मोटारीवर चढवलं: ॲश लाकडाचा सांगाडा, त्यावर ठोकून गोलावा आणलेला पत्रा, गाद्यांत घोड्याचे केस आणि वर व्हिक्टोरियासारखा उघडमीट करणारा टप. अमेरिकेत १९२० च्या दशकात दाबयंत्रातून निघणारी पोलादी बंद बॉडी स्वस्त झाली आणि बघता बघता चित्र उलटं झालं. बंद गाडी सगळ्यांची, उघडी गाडी हौशी लोकांची. मुंबईत शिवडीला जनरल मोटर्सने १९२८ साली गाड्या जोडायचा कारखाना सुरू केला, तेव्हा हे स्थित्यंतर ऐन रंगात होतं.

हौशी लोकांत आपली संस्थानं पुढे होती, यात नवल नाही. मराठी घराण्यांपुरतं बोलायचं तर इंदूरचे यशवंतराव होळकर दुसरे यांच्याइतकी डोळस हौस दुसऱ्या कुणाची नसावी. तरुण वयात त्यांनी एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुविशारदाकडून माणिकबाग राजवाडा बांधून घेतला, आतल्या खुर्च्या-दिव्यांसकट नव्या युरोपीय घाटाचा. गाड्याही त्यांनी त्याच नजरेने घेतल्या. १९३० च्या दशकाच्या मध्यावर त्यांनी अमेरिकेच्या ड्यूझेनबर्ग कंपनीची ‘एसजे’ चासी घेतली. आठ सिलिंडर एका ओळीत, जवळपास सात लिटर, वर सुपरचार्जर, आणि कंपनीच्या दाव्यानुसार ३२० अश्वशक्ती. ही चासी लंडनला गर्नी नटिंग यांच्याकडे गेली आणि त्यांनी तिच्यावर उघडी बॉडी बांधली. चासी एवढी लांब की पुढच्या आणि मागच्या आसांमधलं नुसतं अंतरच अख्ख्या मारुती ८०० च्या लांबीहून जास्त होतं. आणि एवढ्या लांबीवर माणसं बसणार किती? दोन. बाकी सगळं नाक आणि शेपूट. ही गाडी पुढे अमेरिकेत गेली, जतन झाली आणि आज बांधून घेतलेल्या गाड्यांच्या जगात तिचं नाव आदराने घेतात.

कोल्हापूरची मेबॅक मात्र इथेच राहिली. छत्रपती राजाराम महाराजांच्या काळातली ही जर्मन गाडी दसऱ्याच्या दिवशी सोन्याच्या सोहळ्याला दसरा चौकात येते, आणि तिथे सोनं लुटायला आलेल्यांइतकीच गर्दी गाडी पाहायला आलेल्यांची असते. उघड्या गाडीचं आपल्याकडचं खरं काम काय, ते तिथे दिसतं. वारा खाणं हा युरोपी हेतू. आपल्याकडे उघडी गाडी लागते ती आतल्या माणसाचं दर्शन व्हावं म्हणून. वरातीतला नवरदेव, शिवजयंतीची मिरवणूक, निवडून आलेला नगरसेवक, दहावीत बोर्डात आलेली मुलगी, सगळ्यांना ती त्यासाठीच हवी असते. मुंबईत बेस्टच्या दुमजली बसचा वरचा टप काढून पर्यटकांना शहर दाखवलं जायचं, ती सेवा ऑक्टोबर २०२३ मध्ये बंद पडली. आणि पुढच्याच जुलैत विश्वचषक जिंकून आलेला क्रिकेटचा संघ मरीन ड्राइव्हवर उघड्या बसवरून फिरला. रोज चालवायला उघडं वाहन परवडत नाही, पण मिरवणूक म्हटली की त्याच्यावाचून चालत नाही, अशी ही गंमत.

रोज चालवायच्या वाहनांचा इतिहास याच्या बरोब्बर उलट आहे, आणि पेण-रोह्याच्या वाचकाला तो जास्त ओळखीचा वाटेल. १ जून १९४८ रोजी अहमदनगर ते पुणे अशी पहिली एसटी धावली तिची बॉडी लाकडी आणि छप्पर कापडी होतं. म्हणजे महाराष्ट्राच्या सार्वजनिक वाहतुकीची सुरुवातच कापडी टपाने झाली. पुढे एसटीने दापोडीला, औरंगाबादला आणि नागपूरला स्वतःच्या कार्यशाळा उभ्या केल्या, चासी विकत घेऊन तिथे बॉडी बांधायला सुरुवात केली आणि कापडाच्या जागी पत्रा आणला. लंडनच्या गर्नी नटिंगमध्ये जी विद्या राजेलोकांसाठी राबत होती, ती दापोडीत लाल डब्यासाठी राबली. या कार्यशाळांच्या कारागिरीवर अजून कुणी नीट पुस्तक लिहिलेलं माझ्या पाहण्यात नाही, आणि ही लाजेची गोष्ट आहे.

जीपचंही तेच. दुसरं महायुद्ध संपल्यावर लष्कराच्या जीपा लिलावात निघाल्या, आणि १९४९ पासून महिंद्राने मुंबईत माझगावला विलीजच्या जीपा जोडायला घेतल्या. जीप जन्मतःच उघडी. वर एक ताडपत्री, बाजूला काही नाही, दाराच्या जागी पट्टा. कोकणातल्या पहिल्याच पावसाने मालकाला दाखवून दिलं की ही रचना नॉर्मंडीसाठी ठीक असेल, नागोठण्यासाठी नाही. मग गावोगावच्या मिस्त्रींनी तिला बंद करायला घेतलं. आधी बाजूला कॅनव्हास आणि त्यात सेल्युलॉइडची खिडकी. ती दोन वर्षांत पिवळी पडून आंधळी व्हायची. मग अँगलचा सांगाडा उभा करून त्यावर पत्रा. मग लाकडी दारं, मग लोखंडी दारं, मग सरकत्या काचा. मागे समोरासमोर दोन बाकडी घातली की आठ-दहा माणसं बसायची आणि बाजाराच्या दिवशी त्याहून जास्त. जगात बाकी ठिकाणी हौशी लोक बंद गाडीचा टप कापून ती उघडी करतात. आमच्या जिल्ह्यात सगळ्यात जास्त झालेला बदल म्हणजे उघडी गाडी बंद करणं. रायगडातल्या मोटारींच्या बदलांचं एका वाक्यात वर्णन करायचं तर ते हेच.

मिनीडोअर विसरून चालणार नाही. पुण्याच्या बजाज टेम्पो कंपनीची, म्हणजे आताच्या फोर्स मोटर्सची, ही तीनचाकी रिक्षा पेण, अलिबाग, रोहा, नागोठणे या पट्ट्यात इतकी रुजली की कित्येक वर्षं तिच्याशिवाय लग्न, दवाखाना, कॉलेज, कोर्ट काहीच होत नव्हतं. वाहतूकशास्त्राच्या भाषेत ती सहा आसनी, आमच्या भाषेत ती ‘अजून एक बसेल’. उघड्या बाजूला रेक्झिनचा पडदा गुंडाळून पट्ट्याने बांधलेला असतो. सर आली की चालक गाडी न थांबवता मागे ओरडतो, ‘पडदा सोडा’, आणि कडेला बसलेला माणूस एका हाताने पट्टा काढून दुसऱ्या हाताने पडदा खाली ओढतो. सवय नसलेल्याची बाही भिजते. ही उघडमीट करायला ना मोटर लागते, ना बटण. १९३४ साली प्युजोने आपल्या एका गाडीवर यंत्राने आपोआप मागे सरकणारा पोलादी टप बसवला होता. त्याचा कर्ता जॉर्ज पोलॅं हा पेशाने दाताचा डॉक्टर. त्याच्या हुशारीचा मला आदर आहे. पण मिनीडोअरच्या पडद्याने त्याच्या टपापेक्षा नक्कीच जास्त माणसांना कोरडं ठेवलं असेल.

आता टप कापण्याबद्दल. हौस म्हणून ही कापाकापी महाराष्ट्रात पुष्कळ झाली, मुंबई-पुण्यात जास्त, आणि तिचे बरेवाईट नमुने अजून दिसतात. कुठली गाडी कापावी आणि कुठली कापू नये याला शास्त्र आहे. मद्रासला बनणारी स्टँडर्ड हेरल्ड कापायला सोयीची, कारण तिची चासी वेगळी होती आणि टप मुळातच बोल्टांनी बसवलेला. टप उतरवला तरी खालचा सांगाडा आपला भार पेलतो. कुर्ल्याच्या प्रीमियरची फियाट, जिला मुंबईने ‘डुक्कर’ असं लाडाचं नाव ठेवलं, तिचं तसं नाही. अँबॅसडरचंही नाही. या गाड्यांना वेगळी चासी नाही. तळ, खांब, टप हे सगळं मिळून एक पेटी, आणि पेटीचं झाकण कापलं की पेटी राहत नाही. उतावळा मिस्त्री गाडी चार चाकांवर उभी ठेवून चारही खांब करवतीने कापतो. टप उचलला जातो, सगळे टाळ्या वाजवतात, फोटो निघतात. मग कुणी तरी दार उघडतं आणि ते लागत नाही. गाडी मधोमध बोटभर खाली बसलेली असते. दार घासून-ठोकून लावलं, तरी पहिल्या खड्ड्यात पुढची काच थरथरते, स्टिअरिंग हातात नाचतं आणि वळणावर सगळी गाडी पिळवटल्यासारखी कुरकुरते.

शहाणा मिस्त्री आधी दारांच्या चौकटीत आडवे पाइप वेल्ड करतो, म्हणजे माप हलत नाही. मग दोन्ही बाजूंच्या दारांखालच्या पोकळ पट्टीत जाड पत्र्याची दुसरी पेटी घालतो, पुढच्या सीटखालून आणि मागच्या सीटमागून आडवे आधार देतो, काचेचे खांब आतून भरतो. हे सगळं झाल्यावर करवत. या आधारांचं वजन कापलेल्या टपाहून जास्त भरतं, म्हणून उघडी गाडी बहुतेक वेळा बंद गाडीपेक्षा जड असते, हे ऐकून नवख्याला धक्का बसतो. त्यानंतर कापडी टप. कमानी कुठे मोडायच्या, घडी कुठे पडायची, मागची काच कापडात शिवायची कशी, हा निम्मा लोहाराचा आणि निम्मा कुशनवाल्याचा हिशेब. कापड उन्हात ताणायचं असतं.

आणि मग गंज. पेणला मिठागरं आहेत, धरमतरची खाडी आहे. रोह्याला कुंडलिका आहे आणि धाटावच्या रासायनिक वसाहतीची हवा आहे. टप कितीही नीट शिवला तरी काचेच्या कोपऱ्यातून पाणी आत येतंच. ते गालिच्याखाली जातं, तिथून दाराखालच्या त्याच पोकळ पट्टीत, जिच्यावर आता सगळ्या गाडीचा भार आहे. पाणी वरून येतं आणि गाडी खालून सडते. खाली भोकं ठेवून त्यातला चिखल दर वर्षी काढला नाही, तर चार-पाच पावसाळ्यांत बाहेरून चकचकीत दिसणारी गाडी आतून बिस्किटासारखी झालेली असते. या बाबतीत फायबरची बॉडी सरस. ती गंजत नाही. फक्त तिच्या खालच्या नळ्या गंजतात, आणि त्या दिसत नाहीत.

मुंबई-गोवा महामार्गाबद्दल एकच सांगतो आणि पुढे जातो. दशकाहून जास्त काळ रुंदीकरण चाललेल्या या रस्त्यावर वडखळपासून सुकेळी खिंडीपर्यंत टप उघडा ठेवून जो गेला आहे, त्याला उघड्या गाडीचं सौंदर्यशास्त्र शिकवायची गरज नाही. कोलाडला पोचेपर्यंत त्याच्या भुवया पांढऱ्या झालेल्या असतात. उघडी गाडी चालवायचीच असेल तर रोह्याहून चणेरामार्गे साळावला जाणारा रस्ता धरावा, आणि तोही नोव्हेंबर ते फेब्रुवारीत.

कायद्याचा भाग रूक्ष आहे, पण पेणशी त्याचं थेट नातं आहे. रायगडची एमएच-०६ ही नोंदणी पेणच्या परिवहन कार्यालयाची. पनवेलचा भाग पुढे एमएच-४६ मध्ये वेगळा निघाला. म्हणजे पनवेलचा भाग सोडला तर या जिल्ह्यात कुणीही गाडीला हात लावला की कागद शेवटी पेणला येतात. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल आहे. २००० साली त्यात दुरुस्ती झाली आणि ते कडक झालं: नोंदणी पुस्तकात कंपनीच्या मूळ माहितीप्रमाणे जे लिहिलं आहे त्याच्याशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात हाच अर्थ पक्का केला. सीएनजी बसवणं किंवा अपंग व्यक्तीसाठी केलेली सोय, असे थोडे अपवाद कायद्यात आहेत. हौसेने टप कापणं त्यात बसत नाही. आणि नवी गाडी, एकच का होईना, बांधून विकायची तर तिचा नमुना पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. छोट्या कारखानदाराची दमछाक होते ती बहुधा इथेच. गोव्यात तयार झालेली सॅन स्टॉर्म ही रेनोच्या इंजिनाची, फायबर बॉडीची उघडी गाडी १९९८ मध्ये बाजारात आली. तिची ओळख आजही दर्दी लोकांपुरतीच आहे.

नव्या गाड्यांपुरता हा कायदा मला योग्य वाटतो. टप कापलेली आणि आतून आधार न दिलेली गाडी उलटली तर आतल्या माणसाच्या डोक्यावर काहीही नसतं, आणि समोरून येणाऱ्याने आपली हौस का सोसावी? माझी तक्रार जुन्या गाड्यांबद्दल आहे. २०२१ साली केंद्राने व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम केले. पन्नास वर्षांवरच्या गाडीला वेगळी नोंदणी, पाटीवर ‘व्हीए’ ही अक्षरं, नव्या नोंदणीला वीस हजार रुपये शुल्क. चांगली गोष्ट आहे. पण अट अशी की गाडी मूळ रूपात हवी. चासी, बॉडी, इंजिनात मोठा बदल झालेला नसावा. म्हणजे साठच्या दशकात मिस्त्रीने हाताने टप उतरवून बांधलेली हेरल्ड, किंवा पावसासाठी पत्र्याने बंद केलेली १९५५ ची जीप, ही आज इतिहास म्हणून मोजली जात नाही. यशवंतरावांची ड्यूझेनबर्ग हा ठेवा, कारण तिच्यावर लंडनच्या कारागिराचं नाव आहे. रोह्याची जीप हे भंगार, कारण तिच्यावर कुणाचंच नाव नाही. हा भेद मला मान्य नाही. जुन्या बदलांची तारीख पुराव्यानिशी दाखवता आली आणि गाडी तपासणीत टिकली, तर तो बदल नोंदवून घ्यायची तरतूद व्हायला हवी. परिवहन खात्यात गाडी समजणारे पुष्कळ अधिकारी आहेत, त्यांनी हे वर कळवावं.

पुस्तकातल्या आराखड्यांबद्दल एक सूचना. ते पाहून उद्या कुणी ग्राइंडर हातात घेऊ नये. रस्त्यावर चालणाऱ्या, कागद जिवंत असलेल्या गाडीचा टप कापण्याआधी पेणच्या कार्यालयात जाऊन विचारावं, आणि तिथे ‘नाही’ म्हणाले तर तेच उत्तर धरावं. फायबरचं काम शिकायचं असेल तर होडीवर किंवा देखाव्यावर शिकावं. मटेरियल तेच, रीत तीच, आणि जीव कुणाचा जात नाही.

नोंदणी पुस्तकात मालकाचं नाव असतं, कंपनीचं असतं, चासी नंबर असतो, बॉडीचा प्रकारही असतो. ती बॉडी ज्याने बांधली त्याच्यासाठी रकाना नसतो. म्हणून पेण, रोहा, नागोठणे, कोलाड इथल्या वाचकांना विनंती आहे. घरातल्या जुन्या अल्बमात लग्नाच्या वरातीचा, निवडणुकीचा किंवा पालखीपुढे उभ्या असलेल्या एखाद्या जीपचा फोटो असेल, तर घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला विचारा की ही गाडी कुणाची, तिचा टप कुणी केला, कुठल्या गॅरेजात, कोणत्या साली. उत्तर मिळेल ते पेन्सिलीने फोटोच्या मागे लिहून ठेवा. जुनं नोंदणी पुस्तक सापडलं तर ते रद्दीत घालू नका. त्या मिस्त्रींपैकी बरेच जण आता ऐंशीच्या पुढे आहेत, तेव्हा हे काम याच वर्षी करा.